कान तुटलेल्या कपातलं झाड

माझ्या सासूबाई मुंगी दिसली तरी पाय उचलून पलीकडे टाकायच्या. पण जेडची झाडं मात्र त्यांनी एकामागून एक मारली, आणि तीही मायेने, पाणी घालून घालून. त्या झाडाला जेड म्हणतात हे तेव्हा आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला ‘बेनचं झाड’ म्हणायचो. आज माझ्या ओट्यावर त्याच्या इतक्या कुंड्या झाल्यात की आलेल्या पाहुण्याला चप्पल काढायला जागा शोधावी लागते. जाताना मी त्याच्या हातात एक फांदी देतेच, नको म्हणाला तरी देते. पण सुरुवातीला एक झाड जगवताना माझ्या नाकी नऊ आले होते.

नव्वद सालानंतर एकदोन वर्षांतच माझं लग्न झालं आणि अमळनेरकडच्या एका खेड्यातून मी सुरतेला आले. लिंबायतेत भाड्याची एक खोली, वर पत्रा, पुढे हातभर ओटा. आमचे हे पॉवरलूमवर कामाला. सासरे लग्नाआधीच गेलेले, त्यामुळे सासूबाई आमच्याजवळ. खोलीच्या मागे, अरुंद बोळापलीकडे लूमचं खातं, म्हणजे कारखाना होता. ते सुरू असलं की फरशी थरथरायची आणि तांब्यातल्या पाण्यावर बारीक लाटा उठायच्या. पहिले काही दिवस मला वाटायचं, आपल्यालाच चक्कर येतेय.

त्या खोलीत माझं असं काहीच नव्हतं. भांडी गावाकडची, गोधड्या गावाकडच्या, पाटा-वरवंटासुद्धा गावाहून रेल्वेने आलेला. एवढंच काय, तुळशीची मातीही गावाची होती. सासूबाईंनी आपल्या शेतातली काळी माती पोत्यात भरून आणली होती आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात तुळस लावली होती. सुरतेच्या मातीवर त्यांचा विश्वास नव्हता. इथल्या पाण्यावरही नव्हता, पण ते काही गावाहून आणता येत नव्हतं.

त्या तुळशीला आंघोळीनंतर प्रत्येकाने एक तांब्या पाणी घालायचं, हा घरचा नेम. हे घालत, मी घालत असे, सासूबाई घालत. समोरच्या खोलीतल्या बाईकडे तुळस नव्हती, ती आमच्याच तुळशीला घालायची. तुळस बिचारी सगळं पिऊन टाकायची आणि वर तरारून उभी राहायची.

मी घरी बसून साड्यांचं काम करायचे. साडीच्या मागच्या बाजूला विणताना सुटे धागे राहतात, ते कात्रीने कापायचे. हे काम देणाऱ्या बेन भेस्तानला राहायच्या. मी शटल रिक्षाने साड्यांचं पोटलं घेऊन जायचे आणि नवं घेऊन यायचे. त्यांच्या ओट्यावर एका मोठ्या कुंडीत ते झाड होतं. जाड खोड, गुबगुबीत पानं, आणि उन्हाकडच्या पानांच्या कडा लालसर. मला ते झाड पाहिलं की का कोण जाणे, बरं वाटायचं. बेन साड्या तपासत बसायच्या तेवढा वेळ मी त्याच्याकडेच बघत बसायचे.

एकदा माझ्या पोटल्याचा धक्का लागून त्याची एक फांदी मोडली. माझा जीव अर्धा झाला. बेन मात्र हसल्या. “लई जा ने,” त्या म्हणाल्या, “एनुं तो पांदडुं मूके तोय लागी जाय.” घेऊन जा, याचं नुसतं पान ठेवलं तरी लागतं. आणि मी वळले तेव्हा मागून त्यांनी सांगितलं, “पानी ओछुं आपजे हं.” पाणी कमी घाल.

मी ती फांदी पदरात धरून आणली. रिक्षात शेजारच्या बाईने विचारलं, भाजी आहे का. मी म्हटलं, हो.

घरी आणल्यावर प्रश्न आला की लावायची कुठे. आमच्याकडे माती होती ती एकच, तुळशीच्या डब्यातली. सासूबाई मोठ्या मनाच्या. त्यांनी स्वतःच्या हाताने तुळशीशेजारी खड्डा केला आणि फांदी त्यात रोवली. वर एक तांब्या पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी ओळीने चार तांबे.

मी म्हटलं, “आत्याबाई, बेननी सांगं शे, पानी कमी टाकानं.”

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाहुण्याला जेवण कमी वाढायला सांगितलं होतं. “झाडले बी जीव शे व,” त्या म्हणाल्या आणि उरलेलं पाणीही ओतून मोकळ्या झाल्या.

आठवडाभरात फांदीची पानं टपटप गळायला लागली. गावची काळी माती एकदा भिजली की भिजलेलीच राहते, कपाशीला ती सोन्यासारखी. फांदी मी उपटली तर खालून काळी पडून मऊ झाली होती, हाताला बुळबुळीत लागली. सासूबाईंना खरंच वाईट वाटलं. “पानी कमी पडनं व्हई,” त्या हळहळल्या. मी कपाळाला हात लावला.

बेनकडून मी दुसरी फांदी मागून आणली. या वेळी नीट विचारून आले होते. फांदी तोडली की लगेच लावायची नाही, सावलीत ठेवून तिची जखम सुकू द्यायची, मग रेतीत खोचायची. मी फांदी कपाटावर ठेवली आणि पोटलं सोडून कामाला बसले. संध्याकाळी बघते तर फांदी स्टीलच्या पेल्यात, पाण्यात उभी. सासूबाईंना ती कपाटावर सापडली होती, आणि तोडलेली फांदी अशी कोरडी टाकून दिलेली पाहून त्यांना राहवलं नव्हतं. ती फांदीही गेली.

माझा राग नाकावर असतो. तिकडे माहेरीही सगळे म्हणायचे, ही सासरी नांदेल की नाही. पण मी त्या वेळी काही बोलले नाही. कारण बाई मला कधी वाईट शब्द बोलल्या नव्हत्या. उलट त्या माझंही तेच करायच्या. ताटात भाकरी संपायच्या आत दुसरी पडायची. शिंक आली की काढा. डोकं दुखलं म्हटलं की तेल घेऊन हजर. माझ्या आईने मला एवढं कधी सांभाळलं नव्हतं, आणि खरं सांगते, त्याने मी गुदमरून जायचे. पण तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

तिसऱ्या वेळी मी चोरून काम केलं. आमच्या खोल्यांच्या लाइनीच्या टोकाला कुणाचं तरी बांधकाम चाललं होतं, तिथून ओंजळभर रेती आणली. घरात एक चिनी मातीचा कप होता, कान तुटलेला. त्याला खिळ्याने तळाशी भोक पाडलं, त्यात रेती आणि चिमूटभर माती भरली. बेनकडून आणलेली फांदी साड्यांच्या गठ्ठ्यात लपवून सुकवली आणि मग कपात खोचली. डब्याच्या एका झाकणात थोडी रेती पसरून त्यावर दोनचार सुटी पानं नुसती ठेवली. हे सगळं मागच्या खिडकीत, पडद्याआड.

रोज सकाळी सासूबाई तुळशीपाशी गेल्या की मी पडदा सरकवून बघायचे. बरेच दिवस काहीच नाही. मग एका सकाळी पानाच्या देठापाशी गुलाबी दोऱ्यासारखं काहीतरी दिसलं. मी दिवसभर साड्यांचे धागे कापायचे, त्यामुळे आधी वाटलं, धागाच चिकटलाय. काढायला गेले तर येईना. ते मूळ होतं! पुढे त्याच देठातून तांदळाच्या कणीएवढी दोन पानं निघाली, आणि कपातली फांदी हाताने हलवली तर हलेना, तिने रेती धरली होती. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसत सुटले. खोलीत सगळं गावाहून आलेलं होतं, आणि हे मात्र इथे, माझ्या हाताने लागलं होतं.

लपवलेली वस्तू एका खोलीत किती दिवस लपणार? एकदा मी बाजारातून आले तर झाकणातली रेती वाहून गेलेली, पानं कुठल्या कुठे, आणि सासूबाई कपावर तांब्या धरून उभ्या. मी ओरडले. “त्याले पानी नका टाकू! हाई झाड मनं शे. याले हात लावानं नही!”

लूमच्या आवाजातही शेजारच्या दोन खोल्यांनी ऐकलं असेल. सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला. नंतर बरेच दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. आईपुढे यांचं तोंड उघडायचं ते फक्त जेवायला. कप मी उन्हात ठेवून सुकवला, आणि झाड वाचलं. त्यानंतर तो कप ओट्याच्या कोपऱ्यात, वर पत्र्याखाली, उघडपणे राहू लागला. सासूबाई त्याच्याकडे न बघता तुळशीला पाणी घालायच्या.

चौऱ्याण्णव सालचा पावसाळा सरत आला आणि सुरतेत प्लेग आला. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. रुमाल बांधलेली तोंडं, औषधांच्या दुकानांपुढे गर्दी, आणि जो तो गाठोडं बांधून स्टेशनकडे निघालेला. लूम बंद पडले. खोलीची फरशी पहिल्यांदाच थरथरायची थांबली आणि त्या शांततेनेच मी जास्त घाबरले. आमच्या लाइनीतली बहुतेक घरं खानदेशातली, एकेक दाराला कुलूप लागत गेलं. आम्हीही निघालो.

कुलूप लावून झाल्यावर सासूबाई परत फिरल्या. ओट्यावर हंड्यात थोडं पाणी होतं, ते त्यांनी तुळशीला घातलं. मग तांब्यातलं उरलेलं घेऊन त्या कपापाशी थांबल्या. घातलं मात्र नाही. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “मरी जाई ते.”

माझ्या हातात दोन पिशव्या. “मरू द्या,” मी म्हटलं.

गावी पोचलो. मोठे दीर आणि जाऊ तिथे शेती बघायचे. घर भरलेलं, कुणी आम्हाला काही उणं पडू दिलं नाही. पण सासूबाईंनी हाय खाल्ली होती. रोज सकाळी त्या आधी तुळशीला पाणी घालायच्या, मग माझ्या कपाळाला हात लावून बघायच्या आणि मग कडू काढ्याचा पेला माझ्यापुढे धरायच्या. ताप नव्हता, खोकला नव्हता, तरी काढा चुकत नव्हता. विहिरीवर जायचं नाही, उन्हात बसायचं नाही, शेजारणीकडे टेकायचं नाही. कापूस वेचणी सुरू झाली तेव्हा जाऊबाईंबरोबर मी शेतात निघाले, तर त्यांनी मला दारातून परत बोलावलं.

मग सुरतेचे लूम सुरू झाल्याचा निरोप आला. यांनी पिशवी भरली. मीही माझी पेटी काढली. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. तिथूनच, कुणाकडेही न बघता त्या म्हणाल्या, “तो जाई. ती आठेच ऱ्हाई.”

तो जाईल, ती इथेच राहील. कायमचं, असं त्यांनी म्हटलं नाही. पण मला कळलं. आमच्या गावात अशा कितीतरी बायका होत्या, ज्यांचे नवरे सुरतेला आणि त्या इथे. सणाला नवरा यायचा आणि सण संपला की जायचा. मोठ्या दिरांनी मान डोलावली. मी यांच्याकडे पाहिलं, तर हे पिशवीचा बंद बांधत होते. गावाबाहेर यांना पोचवायला गेले तेव्हा मी म्हटलं, “मला यायचंय. मला माझं घर पाहिजे.” हे म्हणाले, “माय नाही म्हणते ना.” बस आली. मी निरोपाचा हातसुद्धा हलवला नाही.

परत येताना मी रडले, आणि रडू रागाचं होतं. ती खोली काय होती? पत्रा, ओटा आणि थरथरणारी फरशी. पण तिथे सकाळी मी काय करायचं ते मी ठरवत होते. माझं काम होतं, भेस्तानची फेरी होती, संध्याकाळी दमून येणारा नवरा होता. गावी मला सगळं होतं आणि काढा होता.

दिवाळीला हे आले. पिशवी खांद्याला, आणि हातात साडीच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, दोन्ही तळव्यांत धरलेलं. सासूबाईंनी आधी तुळशीचं विचारलं. हे म्हणाले, “माय, तुळस वाळली. नुसत्या काड्या राहिल्या.” पदराच्या टोकाने त्यांनी डोळे पुसले. यांनी वाळलेल्या मंजिऱ्या कागदाच्या पुडीत बांधून आणल्या होत्या, त्या आईच्या हातात दिल्या. मग फडकं सोडून कप ओसरीवर ठेवला.

रेल्वेत मांडीवर घेऊन आले होते. लोक हसले म्हणे. कुणी न सांगता यांनी माझ्यासाठी केलेली ती पहिली गोष्ट. मला झाडाआधी त्यानेच भरून आलं.

झाडाची खालची पानं सुरकुतली होती, म्हातारीच्या गालासारखी. पण फांदीच्या टोकांना नवी पानं होती, कोवळी, घट्ट, कडेला लालसर झाक. गळून रेतीवर पडलेल्या दोन पानांनीही मुळं सोडली होती आणि त्यांच्या देठाशी इवलीशी जोडपानं वर आली होती. आम्ही घाबरून पळालो, दाराला कुलूप पडलं, आणि हे सगळं त्या बंद दारापुढे आपलं आपण चाललेलं होतं.

सासूबाईंनी कप उचलला. कितीतरी वेळ फिरवून फिरवून बघितला. सुरकुतलेलं पान बोटांनी चाचपलं.

“पानी कोनी टाकं?” त्यांनी विचारलं.

“कोनीच नही,” हे म्हणाले. “माले बी आठवण नही ऱ्हायनी.”

त्यांनी कप कोनाड्यात ठेवला आणि फराळाचं ताट वाढायला उठल्या. मी वाट बघत राहिले की आता काहीतरी बोलतील. त्या करंज्या वाढत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काढ्याचा पेला घेऊन आल्या. माझ्या कपाळाला हात लावला. पेला माझ्यापुढे धरला आणि धरूनच राहिल्या. मी हात पुढे केला, तर त्यांनी पेला मागे घेतला, अंगणात गेल्या आणि काढा मोरीत ओतून दिला. मला वाटलं, माझं काही चुकलं.

यांच्या निघण्याच्या दिवशी मी चुलीपाशीच बसून होते, बाहेर जायचं जिवावर आलं होतं. सासूबाई आत आल्या. माझी पेटी त्यांनी स्वतःच फळीवरून खाली काढली. त्यात माझी लुगडी, दादर ज्वारीचं पीठ, लसणाची चटणी, सगळं आधीच भरलेलं होतं. कधी भरलं कुणास ठाऊक. बाहेर दिरांचा आवाज आला, “माय, ती कसाले?” सासूबाई तिथूनच म्हणाल्या, “हाई बी जाई.”

मग माझ्यासमोर खाली बसल्या. त्यांचे ते खरबरीत हात त्यांनी मांडीवर उताणे ठेवले होते आणि त्या त्यांच्याकडेच बघत होत्या.

“मना हात ऱ्हात नही व,” त्या म्हणाल्या. “तू जाय.”

माझा हात थांबत नाही गं, तू जा. एवढंच. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवायला उचलला, मग थोडा वेळ तो तसाच वर धरला. शेवटी ठेवलाच म्हणा. न ठेवणं त्यांना कसं जमणार होतं!

त्या सुरतेला आल्या नाहीत. मोठ्याकडेच राहते म्हणाल्या. निघताना कपातली एक फांदी मात्र त्यांनी मागून घेतली. मी ती तोडून दिली आणि सांगितलं, सुकू द्या, मग लावा. त्यांनी ती पदराच्या गाठीत बांधली.

सुरतेला परत आलो तेव्हा रस्ते झाडलेले होते. लूम धडधडत होते. खोलीत शिरल्यावर मी आधी फरशीवर अनवाणी उभी राहिले आणि पायाखाली ती थरथरली तेव्हा बरं वाटलं. कप ओट्यावर त्याच्या जागी ठेवला. पुढच्या वर्षभरात त्या एका झाडाची सहा-सात झाली, मग सगळ्या लाइनीत कुणाच्या तेलाच्या डब्यात, कुणाच्या फुटक्या बादलीत बेनचं झाड दिसू लागलं. समोरच्या बाईला मी फांदी दिली ती बजावूनच. पाणी घालशील तर परत घेऊन जाईन.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही गावी गेलो. अंगणातल्या वृंदावनात यांनी आणलेल्या मंजिऱ्यांची नवी तुळस उगवून आली होती. शेजारी भिंतीवर नदीच्या रेतीने भरलेला एक डबा, आणि त्यात बेनचं झाड. टच्च भरलेलं, माझ्याकडच्यापेक्षाही चांगलं.

सकाळी सासूबाई आंघोळ करून तांब्या घेऊन आल्या. मी ओसरीवर बसून बघत होते. त्यांनी तुळशीला पाणी घातलं, हात जोडले. तांब्यात अजून पाणी होतं. त्या भिंतीपाशी आल्या आणि झाडापुढे उभ्या राहिल्या. तांब्याचा हात थोडा पुढे गेला. मी जागची हलले नाही.

त्यांनी तांब्या उचलला आणि उरलेलं पाणी घटाघटा स्वतःच पिऊन टाकलं. मग पदराने तोंड पुसून माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “चाय मांड.”